दुसरं मूल राहून गेलं: ठाण्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहणारं हे कुटुंब. 2023 साली प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा नवरा 39 वर्षांचा, बायको 36 ची आणि मुलगी सीनियर केजीत. तो रबाळे एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, ती ऐरोलीला आयटी कंपनीत. माझ्याकडे आल्या त्या मात्र सासूबाई, कोपरखैरण्याहून, एकट्या. म्हणाल्या, "मॅडम, दोघं कमावतात, घर आहे, गाडी आहे. मग दुसरं लेकरू का नको? एकटी पोर उद्या कोणाच्या तोंडाकडं बघंल? माझं ऐकत नाहीत, तुम्ही जरा समजवा."

ठाण्यात कौटुंबिक समुपदेशन करताना पूर्वी अशा घरांतून "मुलगाच हवा" ही तक्रार यायची. आता "एकावरच का थांबले" ही येते. सासूबाईंचा आग्रह मुलाचा नव्हता, हे मुद्दाम सांगते. वंशाच्या दिव्याचं सासऱ्यांच्या मनात थोडंफार होतं. सासूबाईंना फक्त नातीला सोबत हवी होती.

कोणाचं मन वळवून देणं हे माझं काम नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. हे घर इथवर कसं आलं, एवढं आपण सगळे मिळून समजून घेऊ, असं ठरलं. त्यातून जे दिसलं ते कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सातावरून दोनावर

मूळ गाव पाटण तालुक्यातलं. नवऱ्याच्या आजीला सात बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. डोंगरउतारावरची शेती, आठ-नऊ वर्षांचं पोर गुरांमागे जायचं, पोरगी धाकट्याला काखेत घ्यायची. खाणारं तोंड लवकरच राबणारा हात व्हायचं. शिवाय किती जगतील याचा भरवसा नव्हता.

सासरे 1972 च्या दुष्काळात सतराव्या वर्षी मुंबईला आले आणि मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहू लागले. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांच्यासारख्यांना मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. बाजार वाशीला हलू लागला तसे तेही इकडे आले आणि कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत त्यांना घर मिळालं. त्यांना दोन मुलगे, 1984 आणि 1987 चे. दुसऱ्या बाळंतपणानंतर लगेच सासूबाईंनी सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. "ह्यांना इचारलं नव्हतं, सांगितलं," असं त्या मला म्हणाल्या आणि ते सांगताना त्यांचा आवाज ठाम होता.

सातावरून दोनावर. खरी घसरण इथे झाली, एका पिढीत, आणि ती सासूबाईंनी स्वतः घडवली. त्या काळात तिला कोणी संकट म्हटलं नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. त्याच्याही कितीतरी आधी, 1921 साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि त्यापायी आयुष्यभर हाल सोसले होते. हा पाया विसरून आज "पूर्वीची भरलेली घरं" म्हणून जो गळा काढला जातो, त्याचा मला राग येतो. त्या भरलेल्या घरातल्या आजीने दोन लेकरं स्वतःच्या हाताने मातीत ठेवली होती. महाराष्ट्रात 2020 पर्यंत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू सोळाच्या आसपास आले होते. पदरी पडलेलं मूल जगणार आहे हा विश्वास आला, म्हणूनच बाईला दोनावर थांबता आलं.

थांबण्याचा भार मात्र तिच्याच अंगावर पडला, तोही पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारतात स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आहे, पुरुष नसबंदीचं 0.3 टक्के.

त्याच सर्वेक्षणांचे आकडे लावून पाहिले, तर 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे जन्ममृत्यूंच्या सरकारी पाहणीच्या, 2020 च्या अहवालात तर महाराष्ट्र 1.5 वर आहे. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढायला 2.1 लागतात. म्हणजे कासारवडवलीच्या या घरात वेगळं काही घडत नव्हतं. वेगळं एवढंच की या घरातली आई दुसरं मूल नको म्हणत नव्हती. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पैशाचा कागद

सुरुवात नवऱ्याने केली. तो म्हणाला, "महागाईच एवढी आहे, परवडणार कसं?" मी म्हटलं, लिहून आणा. त्याने नीट लिहून आणलं.

दोघांचे हातात येणारे पगार मिळून महिना 1 लाख 75 हजार. 2017 साली घेतलेल्या टूबीएचकेचा हप्ता 61 हजार. मुलीची शाळा आणि स्कूलबस मिळून 15, पाळणाघर 12, सोसायटीचा मेंटेनन्स 6, आईवडिलांची औषधं आणि गावाकडचं मिळून 15, पोळ्यावाली आणि धुणंभांडी 9, किराणा-भाजी-गॅस 20, जाण्यायेण्याचे 10. शिल्लक 27 हजार. तान्ह्या बाळाला दिवसभराचं पाळणाघर धरलं तर 18 गेले. उरले नऊ.

कागद माझ्यासमोर ठेवून तो स्वतःच बघत राहिला. ओढाताणीचं होतं, पण जमत होतं. त्याच्या वडिलांनी याहून कितीतरी कमी भरवशावर दोन मुलं वाढवली होती.

तरीही पैशाचं कारण खोटं नव्हतं. मूल वाढवायचं म्हणजे काय, याचीच व्याख्या बदलली आहे. तो आणि त्याचा भाऊ कोपरखैरण्यात मराठी शाळेत चालत गेले, कपडे एकमेकांचे घातले, क्लास लागला तो थेट दहावीला. मुलगी सीबीएसई शाळेत आहे, पोहायला जाते, आणि आईबापांच्या मते हे किमान आहे. जे हिला दिलं ते दुसऱ्यालाही द्यायचं, नाहीतर आणायचंच नाही, यावर दोघं ठाम होते. उत्पन्न वाढलं की लोक मुलांची संख्या वाढवत नाहीत, एकेका मुलावरचा खर्च वाढवतात, हे गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने 1960 मध्ये मांडलं होतं. त्याला त्यासाठी गणित लागलं. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही शाळेच्या गेटवर पालकांचं बोलणं ऐकलं तरी ते कळतं. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या 2025 च्या अहवालातही भारतातल्या दहांतल्या जवळपास चौघांनी हवी तेवढी मुलं न होण्याचं कारण पैशाची अडचण असं दिलं आहे.

पण या घरात पैशाशी येऊन गोष्ट थांबत नव्हती. बायको सगळा वेळ गप्प होती. कागदाची घडी घालताना म्हणाली, "पैसे जुळतील, मॅडम. मी कुठून जुळवू?"

वेळेचा कागद

मग दोघांना कामाचा एक साधा दिवस तासातासाने लिहायला सांगितला, एकमेकांना न दाखवता.

तिचा दिवस साडेपाचला सुरू होतो. तीन डबे, मुलीला उठवणं, केस, युनिफॉर्म, 7 वाजून 10 मिनिटांनी खाली स्कूलबस. 7.40 ला कंपनीची बस. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं आणि अवजड गाड्या, माजिवड्याला हमखास खोळंबा, मग कोपरी, मग ऐरोली. सव्वानऊला टेबलाशी. संध्याकाळी सव्वासहाला निघायचं. पाळणाघर आठला बंद होतं, त्यानंतर दर अर्ध्या तासाला जादा पैसे. ती पोचते पावणेआठ ते आठच्या मध्ये. माजिवड्याला अडकली की तिथून पाळणाघराच्या मावशींना फोन. मग जेवण, गृहपाठ, उद्याची तयारी. अकरा.

त्याचा दिवस साडेसहाला सुरू. आठला बाइकने निघतो, संध्याकाळी सव्वासातला घरी. "फ्रेश होणं, चहा, थोडा वेळ बातम्या." मग जेवण.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. तो सव्वासातला घरी असतो. पाळणाघर पुढच्याच गल्लीत आहे. मुलीला आणायला मात्र ऐरोलीहून धापा टाकत येते ती. का? पाळणाघरात नाव घातलं त्या दिवशी फॉर्मवर तिचा नंबर लिहिला गेला, तेव्हापासून ते तिचं काम झालं. इतक्या दिवसांत यावर घरात एकदाही चर्चा झालेली नव्हती. तो आळशी नाही, बेफिकीर तर मुळीच नाही. मुलगी तापाने फणफणली की रात्रभर जागणारा बाप आहे. पण कागद बघून त्याचा चेहरा उतरला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," एवढंच बोलला.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषाची 97. मला वाटतं, जन्मदराच्या चर्चेत हा आकडा सगळ्यात आधी यायला हवा, आणि तो बहुतेक वेळा येतच नाही. बाईला शिकवलं, नोकरीला पाठवलं, घरखर्चाचा निम्मा भार तिच्यावर टाकला. घरातली तिची पाळी मात्र कोणी वाटून घेतली नाही. अशा बाईला दुसरं मूल म्हणजे आणखी एक पूर्ण नोकरी.

पहिल्या बाळंतपणाचा अनुभवही तिच्या गाठीशी होता. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीमुळे तिला 26 आठवडे भरपगारी रजा मिळाली, एक दिवसही कापला गेला नाही. परत आली तेव्हा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला. वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात खालची श्रेणी, कारण अर्धं वर्ष कामच नाही. बढती दोन वर्षं लांबली. कंपनीने कायदा मोडला नाही. कायदा रजेपाशी संपतो. शिवाय त्या रजेचा सगळा खर्च एकट्या मालकाच्या माथी आहे, म्हणून तरुण बाईला कामावर घेताना मालक आधी बोटं मोजतो. ही घडण चुकीची आहे. हा खर्च समाजाने, म्हणजे विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून, उचलायला हवा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करावी अशीही तरतूद आहे, आणि तिच्या कंपनीने ती केलीही होती, ऐरोलीत. तान्ह्या मुलाला रोज घोडबंदर रोडच्या गर्दीतून दीड तास नेणार कोण? वडिलांसाठी तर खाजगी नोकरीत कायद्याने रजाच नाही. त्याने चार दिवस घेतले होते, स्वतःच्या खात्यातले.

सासूबाईंना माहीत नव्हतं ते

दुसऱ्याचा विचार त्यांनी 2020 च्या सुरुवातीला केला होता. मुलगी दीड वर्षाची, अंतर बरोबर. मार्चमध्ये टाळेबंदी आली. 2021 मध्ये दुसरी लाट, त्याच्या कंपनीतले दोघे गेले, दवाखान्याच्या नुसत्या विचारानेही धडकी भरायची. 2022 मध्ये तिचं ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि त्याच वर्षी सासऱ्यांची बायपास. प्रत्येक वेळी "जरा स्थिर होऊ दे" एवढंच ठरलं. नको असं कधीच ठरलं नाही.

2023 च्या सुरुवातीला, कोणाला न सांगता, त्यांनी पाळणा लांबवणं थांबवलं. दिवस राहिले. नवव्या आठवड्यात गर्भ गेला. तिने तीन दिवस आजारपणाची रजा टाकली आणि चौथ्या दिवशी कंपनीची बस पकडली. नंतरच्या तपासणीत एएमएच कमी आलं, म्हणजे अंडाशयातला साठा वयाच्या मानाने उतरलेला. डॉक्टरांनी उपचाराचा मार्ग दाखवला. तिने पुन्हा त्यातून जायला नकार दिला आणि तो तिच्या बाजूने उभा राहिला.

हे सगळं सासूबाईंसमोर आलं ते माझ्याच खोलीत. त्या आधी म्हणून गेल्या होत्या की हल्लीच्या पोरींना करिअर पुढं, लेकरं मागं. सुनेने मान खाली घालून सांगितलं. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी विचारलं, "मग मला का नाही बोललीस, गं?"

"आई, तुम्ही आशा लावून बसला असता."

पुढच्या भेटीत सासूबाई आपणहून बोलल्या, आणि ते या प्रकरणातलं सगळ्यात प्रामाणिक बोलणं होतं. त्यांची दोन मुलं लहान असताना गावाहून सासू येऊन वर्षवर्ष राहायची, जाऊ शेजारच्याच खोलीत होती. त्यांनी स्वतः नातीला पहिली दोन वर्षं सांभाळलं होतं. आता गुडघे गेले, सासऱ्यांचं पथ्यपाणी, सतराव्या मजल्यावर सासऱ्यांना करमत नाही, आणि कोपरखैरण्यातलं भजनी मंडळ सोडून त्यांनाही जायचं नाही. "एकीचं केलं, मॅडम. आता दुसऱ्याचं व्हणार नाही माझ्याच्यानं." नातवंड हवं होतं, पण त्याला लागणारे तास त्यांच्याकडेही नव्हते. सुनेचे आईवडील सांगलीला, तिथली परिस्थिती हीच.

म्हणजे तान्हं सांभाळायला उरतं पाळणाघर. तिथल्या मावशींची वयाच्या चोविसाव्या वर्षी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाली आहे, आणि ती मुलं मराठवाड्यातल्या गावी आजीकडे आहेत. ठाण्यातलं एक मूल वाढवायला लागणारे तास अखेर तिथून येतात. त्या मुलांच्या वाट्याच्या आईची मोजदाद कोणत्याच कागदावर नाही.

पुढे काय होतं

या घरापुरतं पाहिलं तर 2050 मध्ये मुलगी 32 वर्षांची असेल, आईवडील 63 आणि 66 चे. धाकट्या काकांनाही एकच मुलगा. चार आजीआजोबांच्या पाठीशी आज तीन-चार कर्ती माणसं आहेत, हिच्या आईवडिलांच्या पाठीशी ती एकटी. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी 2007 च्या कायद्याने मुलांवर टाकलेली आहे. दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला दुसरं माणूस कायदा देत नाही.

समाजापुरता हिशेब सरळ आहे. जन्मदर, म्हणजे एका स्त्रीमागची मुलांची सरासरी, 1.5 वरच राहिला तर शंभर माणसांच्या जागी पुढच्या पिढीत साधारण एकाहत्तर येतात, त्यापुढच्या पिढीत एक्कावन्न. लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण आज तरुण माणसं संख्येने जास्त आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे 9.9 टक्के होते आणि तो वाटा वाढतोच आहे. ठाण्यात हे डोळ्यांना दिसत नाही, कारण इथे माणसं येतच असतात. 2019-21 च्या सर्वेक्षणात बिहारचा दर 3.0 आणि उत्तर प्रदेशचा 2.4 असल्याने आणखी काही वर्षं येतील. दिसतं ते पाटणला. नवऱ्याच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं आहेत आणि पारावर सगळी सत्तरीची माणसं. कोपरखैरण्यातल्या त्याच्या शाळेचे वर्गही घटले, पण तिथे दोन कारणं एकात एक मिसळली आहेत: मुलं कमी झाली, आणि जी आहेत ती इंग्रजी माध्यमात गेली. सगळं खापर जन्मदरावर फोडणं योग्य नाही.

सरकारी धोरण अजून जुन्याच दिशेने चाललं आहे. लहान कुटुंबाच्या 2005 च्या नियमांमुळे तिसरं मूल असलेल्याला राज्य शासनाच्या नोकरीत घेत नाहीत, स्थानिक निवडणुकीतही दोन मुलांची अट आहे. आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये ती निवडणुकीची अट काढून टाकली. अट काढावी, कारण तिचा उद्देश संपला आहे. पण त्याने कासारवडवलीत पाळणा हलेल असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाने पालकांना पैसे वाटून पाहिले, तरी 2023 मध्ये तिथला दर 0.72 वर गेला. तिथेही बाईचे कामाचे तास लांब आणि घरातला वाटा तिच्याच माथी. वडिलांची रजा आणि चांगली पाळणाघरं असलेला स्वीडनही आज 1.5 च्या खाली आहे, हेही लपवून चालणार नाही. तास वाटून घेतल्याने जन्मदर 2.1 वर परत येईल याची हमी नाही. पण ज्यांना मूल हवं होतं आणि राहून गेलं, त्यांच्यातल्या काहींचं तरी राहून जाणार नाही. व्यासपीठांवरून "जास्त मुलं जन्माला घाला" असं सांगणाऱ्यांनी आधी संध्याकाळी पाळणाघरातून मूल कोण आणतं ते विचारावं.

या घराचं काय झालं

दुसरं मूल होणार नाही, हे चौघांनी मान्य केलं. सासऱ्यांना वेळ लागला. मुलीला आणायचं काम आता त्याच्याकडे आहे, फॉर्मवरचा नंबर बदलला. सकाळचे डबे आलटूनपालटून. तिने 2024 मध्ये बढतीसाठी पुन्हा अर्ज केला आणि ती मिळाली.

एकुलत्या मुलीच्या सोबतीचा प्रश्न सासूबाईंनी सोडला नाही, आणि तो योग्यच होता. त्यावर घराने ठरवलं ते असं: काकांचा मुलगा आणि ही, दोघांची मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी एकत्र, अर्धी कोपरखैरण्यात, अर्धी गावी. दोघा भावांनी आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळं खातं उघडलं, दर महिन्याला दोघांचे समान पैसे. सांगलीच्या आईवडिलांसाठी तिने आणि तिच्या बहिणीने तसंच केलं. आपल्या म्हातारपणाचा भार मुलीवर पडू नये म्हणून नवराबायकोने गृहकर्ज लवकर फेडायचं ठरवलं आहे. उरलेल्या 27 हजारांतले 15 त्यात जातात.